शेजारी निवडण्याचा अधिकार

सूरह निसाच्या छत्तिसाव्या आयतीत अल्लाहने आपल्या उपासनेच्या आज्ञेपाठोपाठ ज्यांच्याशी सद्वर्तन करावयास सांगितले आहे, त्यांची नावे क्रमाने येतात. आई-वडील, नातलग, अनाथ, गोरगरीब आणि त्यानंतर शेजारी. वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबून पाहावे. दिव्य कुरआन शेजाऱ्याचा उल्लेख एकदा करून पुढे जात नाही, तो दोनदा करतो. एक जवळचा शेजारी, दुसरा ‘जारिल जुनुब’, म्हणजे परका शेजारी. भाष्यकारांपैकी काहींनी या परक्याचा अर्थ ज्याच्याशी रक्ताचे नाते नाही असा केला आहे, तर काहींनी ज्याचा धर्मही आपला नाही असा. अर्थ कोणताही घ्या, हक्क दोघांचाही सांगितला आहे.

परंतु या आयतीत तो परका मनुष्य आधीच आपल्या भिंतीला भिंत लावून राहात आहे. तो राहावयास येऊच नये अशी व्यवस्था कोणी केली तर? शेजारीच नाही म्हटल्यावर शेजाऱ्याचा हक्क तरी कोठून उरणार? आज्ञा मोडल्याचा दोषही नाही आणि पाळण्याचे कष्टही नाहीत. हा प्रश्न मला काही वर्षांपासून सोडत नाही.

माझे बालपण अकोल्याच्या जुन्या शहरात गेले. इमामतीच्या निमित्ताने अमरावतीस यावे लागले, तेव्हा घर शोधताना एका नव्या लेआउटमधील घरमालकांशी दूरध्वनीवर बोलणे झाले. मदरशानंतर मी मराठी घेऊन बी.ए. केले आहे, त्यामुळे बोलताना ग्रांथिक शब्द सहज येतात. त्या गृहस्थांनी माझ्या भाषेचे कौतुक केले, आजकाल असे कोणी बोलत नाही म्हणाले. भाडे ठरले. नळ कोणत्या दिवशी येतो, दुचाकी कोठे उभी करावी, हेही त्यांनी सांगितले. शेवटी नाव विचारले. मी सांगितले. थोडा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग, “मुलाला विचारून कळवतो,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. मुलाला विचारणे अद्याप झालेले नसावे.

मला राग आला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. राग आला. परंतु तो ओसरल्यावर मनात आले की घर त्यांचे, कष्टाच्या पैशाने बांधलेले; ते कोणास द्यावे हे ठरविण्याचा त्यांना अधिकार नाही काय? मी जर त्या घराचा मालक असतो तर हा अधिकार सोडला असता काय? भावनेच्या भरात या प्रश्नाचे उत्तर देऊ नये, म्हणून मी मदरशात शिकलेल्या ग्रंथाकडे वळलो.

हनफी फिकहचा विख्यात ग्रंथ ‘हिदाया’ यात ‘शुफआ’ नावाचे एक प्रकरण आहे. एखादे घर किंवा जमीन विकली जात असेल तर त्यातील भागीदारास, त्यानंतर वाट व पाणी यांत वाटा असणाऱ्यास आणि सर्वांत शेवटी लगतच्या शेजाऱ्यास ती मालमत्ता प्रथम विकत घेण्याचा हक्क मिळतो. इमाम शाफई शेजाऱ्याचा हा हक्क मानीत नाहीत. आपण हनफी मानतो. त्यामागील कारण फुकहांनी स्पष्ट सांगितले आहे. नव्याने येणाऱ्या मनुष्याकडून त्रास होण्याचा संभव असतो आणि तो त्रास टाळता यावा. म्हणजे शेजारी कोण असावा याविषयीची मनुष्याची काळजी शरिअतने नैसर्गिक मानली आहे, तिची टवाळी केलेली नाही.

आता या हक्काला घातलेली कुंपणे पाहा. पहिले असे की शेजाऱ्याने तेवढीच किंमत मोजावयाची, जेवढी तो नवा ग्राहक देत होता. ‘तो नको’ एवढे म्हणून भागत नाही, पैसे बाहेर काढावे लागतात. दुसरे, विक्रीची वार्ता कानी येताच मागणी करावी लागते, मागाहून सवडीने नाही. तिसरे, हा हक्क विक्रीपुरताच आहे. भाड्याने दिलेल्या घरास शुफआ लागू होत नाही, भाडेकरूला अडविण्याचा कोणताही हक्क शेजाऱ्याजवळ नाही. आणि चौथी गोष्ट वाचताना मी विद्यार्थीदशेत सहज पुढे गेलो होतो, आज तेथेच थांबतो. हिदायाकार लिहितात की शुफआच्या बाबतीत मुस्लिम आणि जिम्मी, म्हणजे इस्लामी राज्यातील मुस्लिमेतर प्रजाजन, हे दोघे समान आहेत. शेजारच्या मुस्लिमेतराचा हक्क मुस्लिम ग्राहकापुढेही शाबूत राहतो. शेजाऱ्याची काळजी मान्य केली आहे, पण ती करण्याचा अधिकार कोणा एका समाजाची मिरास ठरू दिलेली नाही.

सहीह बुखारीत याच विषयावरील एक प्रसंग आहे. हजरत अबू राफिअ (रजि.) यांना आपल्या जागेसाठी रोख पाचशे दीनार देणारा ग्राहक मिळत होता. तरी त्यांनी ती शेजारी हजरत सअद (रजि.) यांना चार हजार दिरहमांत, तेही हप्त्यांनी, दिली, कारण शेजाऱ्याचा हक्क अधिक असतो हे त्यांनी प्रेषितांच्या (स.) मुखातून ऐकले होते. येथे शेजारधर्मापायी विकणाऱ्याने स्वतः झीज सोसली आहे. आपल्याकडे शेजाऱ्यांचे नाव पुढे करून जे ‘नाही’ सांगितले जाते, त्यात झीज केवळ दारात उभ्या असलेल्या मनुष्याची होते.

कोणी म्हणेल की आपल्या माणसांत राहावेसे वाटणे हा काय गुन्हा आहे? मुळीच नाही. मशीद पायी जाण्याच्या अंतरावर असावी, मुलांना मकतब जवळ असावे, अडीअडचणीला हाक मारता येईल अशी नात्यागोत्याची चार घरे असावीत, असे मलाही वाटते. तसेच देवळाजवळ घर शोधणाऱ्यालाही वाटणार. प्रेषितांना (स.) विचारण्यात आले होते की आपल्या लोकांवर प्रेम करणे ही असबियत, म्हणजे जातीय अहंता, आहे काय? त्यांनी नकार दिला आणि अन्यायात आपल्या लोकांना साथ देणे ही असबियत होय असे समजावले. आपल्यांजवळ राहण्याची इच्छा आणि परक्याला येऊ न देण्याचा ठराव, यांच्यामधून ही रेषा जाते. पहिलीत मी माझे पाऊल कोठे टाकायचे ते ठरवितो, दुसऱ्यात दुसऱ्याचे.

आहाराचा मुद्दा वेगळा काढला पाहिजे. एखाद्या जैन कुटुंबाला भिंतीपलीकडून येणारा मांसाचा वास खरोखर सहन होत नाही. तो त्यांचा दांभिकपणा नसतो. ‘या घरात मांस शिजवू नये’ ही अट वर्तनाविषयी आहे. ती पटल्यास स्वीकारावी, न पटल्यास दुसरे घर पाहावे. परंतु आखाडीला वऱ्हाडातील किती घरांत मटण शिजत नाही? त्या घरांतील मनुष्य भाड्याने राहावयास आला तर त्याला आहार विचारला जातो, मला नाव विचारले जाते. मी शाकाहारी असतो तरी त्या गृहस्थांना मुलाला विचारावेच लागले असते.

आपल्या देशाचा कायदाही या प्रश्नावर एकसुरी बोललेला नाही. 1962 मध्ये भाऊराम विरुद्ध बैजनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ शेजारी असल्याच्या आधारावरील शुफआचा कायदा घटनाबाह्य ठरविला. अशा कायद्याचा खरा हेतू निराळ्या धर्माच्या, वंशाच्या वा जातीच्या मनुष्यास वस्तीत येऊ न देणे हा असतो आणि समाजाची अशी गटवारी घटनेच्या पंधराव्या कलमाशी जुळत नाही, अशी त्यामागची दृष्टी होती. आपल्या फिकहमधील एका हक्कावर हा घाव होता. तरी त्यामागचा विचार मला मान्य करावा लागतो, कारण ज्या कुंपणांसह तो हक्क आला होता ती कुंपणे व्यवहारात कोणी ठेवली नव्हती. पुढे 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, सदस्यत्व केवळ पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध मानला. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला. संख्येने झपाट्याने घटत चाललेल्या त्या छोट्या समाजाची चिंता खोटी नव्हती. परंतु दुर्बळांनी जपणुकीसाठी मागितलेली सवलत बलवानांच्या हाती पडली की तिचे काय होते, हे सांगावयास नको. आपल्या महाराष्ट्रात सहकारी संस्था अधिनियम, 1960 यातील तेविसाव्या कलमानुसार पात्र व्यक्तीस पुरेशा कारणावाचून सदस्यत्व नाकारता येत नाही आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. वाचकांपैकी ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांनी हे कलम ध्यानात ठेवावे. मात्र भाड्याच्या घरासाठी ‘मुलाला विचारून कळवतो’ म्हणणाऱ्यापुढे हे कलम चालत नाही.

वस्त्या वेगळ्या होण्याची कथा आपल्या शहरांतही जुनी आहे. अमरावतीचा परकोट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राजवटीत उभारला गेला. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे हा त्याचा हेतू होता. जवाहर गेटपाशी आजही ती भिंत दिसते. मला त्या भिंतीविषयी आदर वाटतो. ती लुटारूंविरुद्ध होती, त्यांच्या कृत्याविरुद्ध होती. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेल्यावर निराळ्या तऱ्हेची रचना आली. अमरावतीस गावाहून सुटा, ऐसपैस बंगल्यांचा कॅम्प झाला. अकोल्यात मोर्णेच्या एका तीरावर जुने शहर राहिले, दुसऱ्या तीरावर कचेऱ्या व साहेबांचे बंगले आले. तेथे भिंत नव्हती, परंतु खानसामा, माळी किंवा कारकून या नात्यानेच एतद्देशीय मनुष्य तिकडे जात असे. पुढे साहेब गेले. मोठ्या आवारांची, रुंद रस्त्यांची प्रतिष्ठा मागे राहिली.

आणि खेड्यांत? तेथे तर इंग्रजांची वाट पाहावी लागली नव्हती. महारवाडा गावकुसाबाहेर होता. आपल्या मुस्लिमांची घरे बहुधा गावकुसाच्या आत होती. ती भिंत उभी असताना आपण आतल्या बाजूला होतो, ही गोष्ट आज बाहेर उभे राहून तक्रार करताना आपण विसरतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत दोन प्रसंग लिहून ठेवले आहेत. पहिला 1917 चा. परदेशातील उच्च शिक्षण घेऊन ते बडोदे संस्थानच्या चाकरीत रुजू झाले, तेव्हा राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती परिचिताकडेही आसरा मिळाला नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला तो विद्वान कामाठी बागेत एका झाडाखाली बसून राहिला. हा प्रसंग आपल्या सभांतून पुष्कळदा सांगितला जातो. दुसरा सांगितला जात नाही. तो 1934 चा, दौलताबादच्या किल्ल्यावरचा. महिना रमजानचा होता. प्रवासाने धुळीने माखलेल्या बाबासाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवेशद्वाराजवळच्या हौदाच्या पाण्याने हात-तोंड धुतले. त्यावर एक वृद्ध मुसलमान, अस्पृश्यांनी हौद बाटविला असे ओरडत आला आणि पाहता पाहता जमाव जमला. हाच तुमच्या धर्माचा उपदेश आहे काय, उद्या यांच्यापैकी कोणी मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही पाण्यावरून हाकलाल काय, असा प्रश्न बाबासाहेबांनी त्या जमावाला केला. जमाव निरुत्तर झाला. तोंडी रोजा होता, आणि ज्या पाण्याने वुजू करावयाचा त्याच पाण्यावरून एका मनुष्याला हाकलले जात होते. या गोष्टीला नव्वद वर्षे उलटून गेली. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कृतीतून आपण दिले आहे असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

ही व्याधी केवळ आपल्या देशाची नाही. अमेरिकेत घरांच्या खरेदीखतांतच, हे घर कृष्णवर्णीयास विकू नये, असे कलम लिहिले जाई. माल्कम एक्स, जे पुढे अल्-हाज मलिक अश्-शाबाज झाले, त्यांच्या वडिलांनी 1929 मध्ये लान्सिंग येथे घेतलेले घर अशाच कलमामुळे न्यायालयाने खाली करण्याचा आदेश दिला होता; त्याच वर्षी ते घर जळाले. अशी कलमे न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निर्णय 1948 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि घराबाबतच्या भेदभावाला मनाई करणारा कायदा 1968 मध्ये झाला. तोवर रंगानुसार वाटलेल्या वस्त्या उभ्या राहून गेल्या होत्या. माल्कम एक्स यांनी 1964 च्या हज यात्रेत गोऱ्या हाजींबरोबर एकाच ताटात अन्न घेतले आणि त्यांचे मत पालटले, हे आपण अभिमानाने सांगतो. हजहून परतलेल्या आपल्या हाजींचे ताट मात्र मोहल्ल्यात येताच पुन्हा वेगळे होते.

हे मी कोणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. प्रसंग माझ्यासमोर घडला आहे आणि त्यात माझाही दोष आहे. आमच्या जमाअतीतील एका हाजीसाहेबांच्या घराचा वरचा मजला रिकामा झाला. पहिल्यांदा एक मुस्लिम कुटुंब आले, पाचवेळचे नमाजी. परंतु त्यांचा वडिलोपार्जित धंदा मांसविक्रीचा. ‘त्यांचे वळण वेगळे’ म्हणून हाजीसाहेबांनी नाही सांगितले. नंतर एक बौद्ध शिक्षक आले. ‘मोहल्ल्यात बरे दिसणार नाही’ म्हणून त्यांनाही नकार. दुसऱ्या वेळी मी तेथेच, हातात चहाची कपबशी घेऊन बसलो होतो. शिक्षक जिन्यावरून उतरून गेले आणि मी चहा संपविला. ज्याने मला फोनवर नाकारले त्याच्याविरुद्ध माझ्याजवळ पुष्कळ आयती व हदीसी होत्या, जिन्यावरून उतरणाऱ्या त्या मनुष्यासाठी एकही शब्द सुचला नाही.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठविला की नाही, हे ते पुन्हा पुन्हा विचारीत होते, शेजाऱ्याविषयी जिब्रीलने इतका आग्रह धरला की तो वारस ठरेल असे वाटू लागले, ही प्रेषितांची (स.) हदीस त्यांनी याच वेळी सांगितली. आपल्या मोहल्ल्यात बकरीदला वाटा पाठवावा असे परके घर किती उरले आहे? शेजाऱ्याचा हक्क आपण बुडविलेला नाही. शेजारी येऊ दिला नाही, म्हणून हक्कही आला नाही. हिदायाच्या शुफआ प्रकरणाच्या शेवटी हिल्याची, म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून हक्क चुकविण्याच्या युक्तीची चर्चा आहे. इमाम अबू यूसुफ तीत दोष मानीत नाहीत, इमाम मुहम्मद तिला मकरूह ठरवितात, आणि जकात माथी येऊ नये म्हणून केलेल्या युक्तीबाबतही दोघांत हाच मतभेद असल्याचे तेथे नमूद आहे. मला इमाम मुहम्मद यांचे मत जवळचे वाटते. वर्ष भरण्यापूर्वी धन दुसऱ्याच्या नावे करून जकात चुकविणारा आणि परक्याला जिन्यावरूनच परत पाठवून शेजारधर्म चुकविणारा, दोघांच्या वहीत बाकी काहीच नसते.

काही दिवसांनी धीर करून मी हाजीसाहेबांकडे गेलो आणि दौलताबादचा प्रसंग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “मौलाना, पुस्तकात हे ठीक आहे. 2021 ला अमरावतीत काय झाले, 2023 ला तुमच्या अकोल्यात काय झाले, तुम्ही पाहिले आहे. उद्या पुन्हा काही झाले आणि त्या गुरुजींना इजा झाली, तर जबाबदारी कोणाची?”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. भीती खरी आहे. त्या लेआउटमधील गृहस्थांनाही कदाचित तीच वाटत असेल. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना हव्या त्या वस्तीत घर मिळण्यात येणाऱ्या अडचणींची आणि त्यातून एकवटत जाणाऱ्या वस्त्यांची नोंद आहे. मुंबईतील 1992-93 च्या दंगलींनंतर किती कुटुंबे मुंब्र्यास गेली हे आपण जाणतो. भीतीने मनुष्य आपल्यांत जातो, आपल्यांत गेल्याने परका अधिक अनोळखी होतो आणि अनोळखी मनुष्याची भीती वाढते. ज्याच्या घरचे तिखट-मीठ आपण कधी उसने आणले नाही, त्याच्याविषयी कोणीही काहीही सांगावे आणि आपण मानावे.

मी त्यांना मुतइम बिन अदी यांची गोष्ट सांगितली. कुरैशांनी प्रेषितांच्या (स.) कुळावर बहिष्कार घातला आणि शिअबे अबी तालिब या घळीत त्यांना सुमारे तीन वर्षे कोंडले, त्यांच्याशी सोयरीक नाही, खरेदी-विक्री नाही, असा करार लिहून काबागृहात लावला. तो करार मोडीत काढण्यासाठी उभ्या राहिलेल्या मक्केतील मोजक्या सरदारांत मुतइम होते. पुढे ताइफहून जखमी होऊन परतलेल्या प्रेषितांना (स.) मक्केत पाऊल ठेवण्यासाठी कोणाचे तरी अभय हवे होते, तेव्हा मुतइमने आपल्या मुलांना शस्त्रे देऊन काबागृहापाशी उभे केले आणि अभय जाहीर केले. मुतइम मुस्लिम नव्हते, अखेरपर्यंत झाले नाहीत. बद्रच्या लढाईनंतर प्रेषितांनी (स.) काढलेले उद्गार बुखारीत आहेत: मुतइम हयात असते आणि त्यांनी शब्द टाकला असता, तर सर्व कैदी सोडून दिले असते.

हाजीसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मुतइमजवळ मुले होती. माझी दोन्ही पुण्यात आहेत.” आणि थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता, “धाकट्याला तेथे तीन महिने घर मिळत नव्हते. नाव सांगितले की संपले.”

यापुढे मी काही बोललो नाही, आणि या वेळी माझे गप्प राहणे मला खुपले नाही. ते शिक्षक सध्या बडनेऱ्याहून ये-जा करतात. त्यांचा पत्ता मी मिळविला आहे. वरच्या मजल्याची पाटी, हे लिहीत असेपर्यंत तरी, तशीच लटकते आहे. रमजान लागण्यापूर्वी मी पुन्हा एकदा हाजीसाहेबांकडे जाणार आहे.